विजयदुर्गचा मुक्काम : मुंबई–पणजी शिडाच्या वाटेवरचे चार दिवस

मुंबईहून पणजीला शिडाच्या बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं तर साधारण सव्वादोनशे सागरी मैल पडतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. मुरूड, हर्णै, जयगड, रत्नागिरी असा रोज नांगर टाकत गेलं की पाचव्या दिवशी विजयदुर्ग येतं. बाकी ठिकाणी एक रात्र पुरते. इथे तीन रात्री राखून ठेवाव्यात, आणि बोटीवरची माणसं कोल्हापूरची असतील तर मोठ्या मुक्कामासाठी दुसरं बंदर शोधूच नये, असं आमचं ठाम मत आहे. पाणी, डिझेल, दुरुस्ती, माणसांची बदली ही चारही कामं इथे घरच्या आधाराने होतात. कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि तिथून सरळ विजयदुर्ग. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, गाडीने चार तास. पावसात दरड पडून करूळ घाट बंद झाला तर भुईबावडा किंवा फोंडा घाट आहे, पण शिडाच्या प्रवासाचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा ती अडचण सहसा येत नाही.

पुढचे सगळे आकडे एका ठरावीक बोटीचे आहेत. लांबी नऊ मीटर, पाण्याखालचा भाग दीड मीटर, वीस अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, पाण्याची टाकी २०० लिटर, माणसं चार. बोट मोठी असेल तर त्या प्रमाणात हिशोब वाढवावा.

निघायची तारीख सुट्टी बघून ठरवू नये, तिथी बघून ठरवावी. कोकणात जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. मधल्या वेळेला, म्हणजे भरतीनंतर सव्वासहा तासांनी, पूर्ण ओहोटी. रोज भरती पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. घरातल्या भिंतीवरच्या पंचांगावर एवढं कळतं. नेमक्या मिनिटांसाठी आणि पाण्याच्या उंचीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आणि देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे बोटीवर हवेतच. लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून रोज मिळतो.

विजयदुर्गला अष्टमीला पोचायचं, असं मागे मोजत मुंबईहून चतुर्थीला निघावं. अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी आणि खाडीतला ओढाही सौम्य. अनोळखी खाडीत पहिल्यांदा शिरायला हेच दिवस चांगले.

पाचवा दिवस, अष्टमी : रत्नागिरी ते विजयदुर्ग, २७ सागरी मैल

सकाळी सव्वासहाला रत्नागिरी सोडायचं. भरती नुकतीच भरलेली असते, उतरतं पाणी बाहेर पडायला मदत करतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मतलई मिळते. रात्रभर जमीन थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा पूर्वेचा, पाच ते दहा नॉट. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला तो डावीकडून आडवा मिळतो, आणि शिडाच्या बोटीला आडव्या वाऱ्यासारखं सुख नाही. पाणीही सपाट असतं, कारण जमिनीवरून आलेल्या वाऱ्याला लाट उठवायला लांबी मिळत नाही.

किनाऱ्यापासून तीन ते चार सागरी मैल बाहेर राहावं. फार आत राहिलं तर टोकाटोकाला कातळ आणि जाळी. फार बाहेर गेलं तर मतलई हातची जाते. या पट्ट्यात मुख्य धोका जाळ्यांचा. गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्याच्या, एका टोकाला बोट असते, दुसऱ्या टोकाला बोया आणि बांबूवर काळं किंवा लाल फडकं. रात्री तिथे मिणमिणता दिवा असतो. एकटा बोया दिसला की दुसरं टोक शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. जाळं ओलांडावंच लागलं तर बोटीपासून लांबच्या टोकाला वळसा घालावा. पंख्यात जाळं अडकलंच, तर इंजिन लगेच न्यूट्रल आणि मग बंद. उलटं फिरवून सुटेल या आशेने रिव्हर्स टाकला की दोर शाफ्टवर आणखी आवळतो, आणि नायलॉन घर्षणाने वितळून गठ्ठा होतो. नंतर तो करवतीच्या दात्यांच्या सुरीशिवाय निघत नाही. ती सुरी हाताशी टांगलेली असावी. जाळं कापावं लागलं तर मालक शोधून भरपाई देणं हे आपलं कर्तव्य. एका जाळ्यामागे एका कुटुंबाचा हंगाम असतो.

दहाच्या सुमाराला मतलई पडते. मग तास-दीड तास वारा नाही. इंजिन १८०० फेऱ्यांवर चालवलं की पावणेपाच नॉट वेग आणि ताशी दोन-अडीच लिटर डिझेल. साडेअकरानंतर वायव्येकडून खारा वारा उठतो आणि दुपारी तीनपर्यंत दहा-पंधरा नॉट होतो. म्हणजे दुपारी बारा-साडेबाराला विजयदुर्गच्या तोंडाशी असलं की तिन्ही गोष्टी जुळतात. वारा मागून, जोर अजून बेताचा, आणि सव्वाबाराची ओहोटी संपून पाणी आत वळायला लागलेलं. हीच बोट दुपारी तीनला उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या जोरदार, ओहोटीवर आली, तर बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारा वारा एकमेकांवर आदळतात. मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट जागच्या जागी आपटत राहते. हा वाऱ्याचा दोष नाही, वेळ निवडण्यात चूक झालेली असते.

पूर्णगड, आंबोळगड, जैतापूरचं दीपगृह, मग माडबनचा लांबलचक जांभ्याचा सडा, अशा खुणा एकामागून एक येतात. किल्ला लांबून पटकन ओळखू येत नाही. तो मागच्या डोंगरात मिसळतो. त्याऐवजी दक्षिणेला गिर्येच्या सड्यावरच्या पवनचक्क्या धराव्यात, त्या फार आधी दिसतात. उत्तरेच्या टोकाखालून कोपरा कापून आत घुसू नये. दक्षिणेला पुढे जाऊन, मुख पूर्ण उघडं दिसल्यावरच वळावं. किल्ला उजव्या हाताला, त्याच्या पायथ्यापासून चारशे मीटर तरी अंतर. किल्ल्याच्या भोवती कातळ आहे, शिवाय पाण्याखाली माणसाने रचलेली दगडी भिंत आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी ती तपासली आहे.

विजयदुर्गच्या या वाघोटन खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध नाही. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडावर वाळू साचते आणि भरतीशिवाय आत जाता येत नाही. इथे खोल पाणी थेट आत येतं. मराठ्यांच्या आरमाराने हीच जागा का धरली, याचं उत्तर नकाशावरच्या त्या खोलीच्या आकड्यांत आहे.

आत आल्यावर जेटीच्या समोर थांबायचा मोह होतो, पण तिथे मच्छीमार बोटींची ये-जा आणि वायव्येची हलकी लाट, दोन्हींचा त्रास. आणखी आत, किल्ल्याच्या आडोशाला सरकावं. नांगर टाकण्याआधी जवळच्या बोटीवरच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारावं. "हंय नांगर टाकू नकात, जाळी आसत," असं कोणी सांगितलं तर वाद न घालता पुढे जावं. खोली विचारली तर उत्तर वावात मिळेल. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. ती खोली भरतीची की ओहोटीची, हेही विचारून घ्यायचं.

साखळीचा हिशोब असा. पोचताना ओहोटी आहे आणि खोली साडेचार मीटर. तीन दिवसांत सगळ्यात मोठी भरती आणखी दीड मीटर चढेल असं धरू. नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची सव्वा मीटर. बेरीज सव्वासात मीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे ३६ मीटर साखळी. तळ मऊ काळ्या चिखलाचा असल्याने नांगर टाकल्या टाकल्या जोराने रिव्हर्स घेऊ नये. तो चिखलावरून नांगरासारखाच सरी ओढत येतो. साखळी सोडून दहा मिनिटं थांबावं, नांगर आपल्या वजनाने बसू द्यावा. मग १००० फेऱ्यांवर हळू मागे ओढ, ताण स्थिर झाला की १८०० वर अर्धा मिनिट. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा एक माड आणि त्यामागचं कौलारू घर, एका रेषेत धरून बघाव्यात. रेष हलली नाही तर नांगर धरला. ओहोटीला बोट समुद्राकडे तोंड फिरवते की खाडीकडे, हे बघायला पाणी एकदा पालटेपर्यंत, सहा तास, एक माणूस बोटीवरच राहतो.

मग कागदपत्रं. बोटीची नोंदणी, विमा, सगळ्यांची ओळखपत्रं आणि माणसांची यादी घेऊन आधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आणि नंतर सागरी पोलिसांकडे. २००८ नंतर किनाऱ्यावर अनोळखी बोटीकडे संशयाने बघितलं जातं आणि ते योग्यच आहे. यादीच्या सहा-सात प्रती कोल्हापुरातूनच काढून न्याव्यात. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे दोन्ही केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत. रेडिओ सोळाव्या चॅनेलवर चालू.

संध्याकाळी इंजिनाची तपासणी. दिवसभर चालल्यावर लगेच बघितलं तर दोष उघडा पडतो. या मुक्कामात तो समुद्राच्या पाण्याच्या पंपात निघाला. पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, त्यातून मिनिटाला वीस-बावीस थेंब गळत होते. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला, एक इंजिन ऑइलच्या बाजूला, आणि भोक दोन्हींच्या मधोमध. स्वच्छ पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, तेल आलं तर तेलाचं. भोक बुजवून गळती थांबवण्याचा उद्योग कोणी करू नये. मग खारं पाणी बेअरिंगमधून इंजिनात शिरतं, ऑइल दुधासारखं पांढरं होतं, आणि दोन-तीन हजारांचं काम इंजिन उतरवण्यावर जातं.

सहावा दिवस, नवमी : पंप, पाणी, डिझेल

सकाळी पंप उतरवायचा. आधी बोटीच्या तळाचा कॉक बंद, आणि बंद केल्याची चिठ्ठी किल्लीच्या भोकावर चिकटवलेली, म्हणजे कोणी चुकून इंजिन चालू करणार नाही. झाकणाचे स्क्रू पितळी असतात, आडवा जोर दिला की डोकं झिजतं. इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. पंपाच्या तोंडावर चरा पडला की झाकण पुन्हा नीट बसत नाही. पाती मोजावीत. सहापैकी एक तुटलेलं असेल तर तो तुकडा पुढे इंजिन थंड ठेवणाऱ्या उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी अडकलेला असतो. तो काढल्याशिवाय नवीन इम्पेलर घालून उपयोग नाही, इंजिन तापतच राहील.

सर्क्लिप, म्हणजे शाफ्ट अडवून धरणारी स्प्रिंगची कडी, काढून शाफ्ट बाहेर आला की सील जिथे घासतं तिथे नख फिरवावं. नख अडकलं म्हणजे खाच पडली. इथे खाच चांगली जाणवत होती. अशा वेळी नुसतं सील बदललं तर त्याचा ओठ पुन्हा त्याच खाचेत बसतो आणि काही तासांत गळती सुरू. दोन मार्ग उरतात. तात्पुरता मार्ग म्हणजे नवीन सील दीड-दोन मिलिमीटर आत बसवणं, म्हणजे ओठ शाफ्टच्या कोऱ्या भागावर येतो. पणजीपर्यंत एवढं चालतं. पक्का मार्ग म्हणजे नवा शाफ्ट.

आणि नवा शाफ्ट म्हटलं की कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांची परंपरा जुनी आहे. पंपाचा शाफ्ट म्हणजे काय आणि तो कुठे झिजतो हे तिथल्या टर्नरला समजावून सांगावं लागत नाही. इतर किनारी गावांतून असा भाग मागवायला कंपनीकडे नोंदणी करून आठवडाभर वाट बघावी लागते. इथून सकाळच्या गाडीने एक माणूस जुना शाफ्ट घेऊन निघाला, तर दुपारी उद्यमनगरात असतो. दुकानाची सुट्टी कोणत्या दिवशी आहे ते आधी फोन करून विचारावं.

लेथवाल्याला काय सांगायचं, ते नेमकं लिहून द्यावं. कागदावरची आकृती पुरत नाही, नमुना हवाच. माप झिजलेल्या जागी घेऊ नये, कोऱ्या जागी मायक्रोमीटरने घ्यावं. शाफ्ट १२ मिलिमीटरचा असेल तर ११.९८ ते ११.९९. बेअरिंग बसतं ती जागा वेगळी, तिचं माप वेगळं. ते बेअरिंगच बरोबर दिलेलं बरं. स्टेनलेस ३१६ प्रतीचं मागावं. ३०४ दिसायला तसंच आणि स्वस्तही, पण खाऱ्या पाण्यात त्याला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला दाद देत नाही. सील जिथे घासणार ती जागा पॉलिश केलेली, त्यावर लेथच्या रेघा राहता कामा नयेत. टोकाला तिरका उतार हवा. धार राहिली तर बसवतानाच सीलचा ओठ कापला जातो. हे शेवटचं वाक्य कागदावर दोनदा लिहावं.

बोटीवर राहिलेल्यांसाठी पाणी आणि डिझेलचं काम आहे. चार माणसांना पिणं-रांधणं मिळून दिवसाला सोळा लिटर, अंग पुसायला आणि भांडी विसळायला तेवढंच. पाच दिवसांत टाकी दीडशे लिटर रिकामी झालेली असते. वीस लिटरचे आठ कॅन, छोट्या होडीतून एका फेरीत चार. त्याहून जास्त नेऊ नयेत. ऐंशी किलो वजन, वर दोन माणसं, एवढंच तिला झेपतं. जेटीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि कडेला कालवं, त्यांची धार रबरी होडी चिरते. म्हणून होडी कडेला चिकटू द्यायची नाही. मागून एक छोटा नांगर टाकून तिला दीड मीटर लांब धरायची. दोर भरती-ओहोटी धरून लांब सोडायचा. आखूड दोरावर ओहोटीला होडी टांगलेली सापडते.

डिझेल कॅनमधून रिक्षाने आणावं लागतं. मच्छीमार सोसायटीचं डिझेल नोंदणीकृत मासेमारी बोटींसाठी असतं, ते मागून कोणाला अडचणीत टाकू नये. कॅन अर्धा तास स्थिर ठेवून जाळीच्या नरसाळ्यातून ओतावं आणि तळचं अर्धा लिटर टाकीत घालूच नये. पाणी आणि गाळ तिथेच असतो.

दुपारी एकला ओहोटी. किल्ला याच वेळी बाहेरून बघावा, म्हणजे तटाचा पाया उघडा पडतो. हा किल्ला शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्या भोजाने बांधला असं मानतात, बाराव्या शतकाच्या अखेरीस. हा भोज पन्हाळ्याचा. गगनबावड्याच्या माथ्यावरचा गगनगडही त्याच्याच नावावर सांगतात. पन्हाळा, गगनगड, विजयदुर्ग अशी ओळ नकाशावर धरली की ती आजच्या एसटीच्या रस्त्याजवळूनच जाते. घाटावरचं राज्य आणि त्याचं बंदर जोडणारी ही वाट आठशे वर्षांची आहे. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला आदिलशाहीकडून घेतला आणि घेरिया हे त्याचं जुनं नाव जाऊन विजयदुर्ग झालं. तिहेरी तटबंदी, खूबलढा बुरूज आणि भवानीचं मंदिर बघायला दोन तास लागतात. तटाचे काही भाग ढासळलेले आहेत, कडेवर चढू नये.

सातवा दिवस, दशमी : खाडी आणि गोदी

साडेसातला भरती. छोट्या होडीने पहाट फुटताच, साडेसहाच्या सुमाराला, चढत्या पाण्यावर खाडीत आत जावं. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा भरते, त्यामुळे मुखाशी पाणी थांबलं तरी आत अजून तासभर चढत असतं. दोन अश्वशक्तीच्या यंत्रावर सहा-सात किलोमीटर आरामात होतात. डाव्या हाताला रत्नागिरी जिल्हा, उजव्या हाताला सिंधुदुर्ग. वळणाच्या बाहेरच्या कडेला खोल पाणी, आतल्या कडेला गाळ. कांदळवनाच्या मुळांत होडी घालू नये. याच खाडीवर पुढे खारेपाटण. तिथे सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. घाटाखालचं ते व्यापारी ठाणं. आज गाळ साचल्याने दीड मीटर बुडणारी बोट तिथवर न्यायचा विचार करू नये.

परतताना गिर्येच्या बाजूची जुनी आरमारी गोदी. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते कोरड्यावर बसतं, मग तळ खरवडून डांबर-चुना लावायचा आणि पुढच्या उधाणाला बाहेर काढायचं. पंप नाही, दार उघडायला यंत्र नाही, चंद्राच्या ओढीवर चालणारी गोदी. आजही लहान होड्यांचा तळ कोकणात याच पद्धतीने, उधाणाला वर ओढून, साफ होतो. त्या कामाचा हिशोब बाराव्या भागांचा. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक भाग चढतं. उधाणाला २.४ मीटर फरक धरला तर पहिल्या तासाला वीस सेंटिमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला साठ-साठ. जे काही करायचं ते पहिल्या किंवा शेवटच्या तासात.

बंदराच्या या भागात १७५६ च्या फेब्रुवारीत आंग्र्यांचं आरमार जळालं. वॉटसन आणि क्लाइव्हच्या इंग्रजी आरमाराने मारा केला. तुळाजी आंग्र्यांची जहाजं एकमेकांना लागून बांधलेली होती. एका जहाजाने पेट घेतला आणि बघता बघता सगळी गेली. त्यात पेशव्यांचीही इंग्रजांना साथ होती, हे वाचताना आजही वाईट वाटतं. याच खाडीत पुढे आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर जहाज पकडून आणलं. धुळपांचा वाडा गावात आहे.

आणखी एक गोष्ट गावात सांगितली जाते, की हेलियमचा शोध इथल्या किल्ल्यातल्या साहेबांच्या ओट्यांवर लागला. तारखा लावून बघितल्या तर चित्र असं दिसतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडहून अभ्यासली. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आरमारी जहाजावरच्या लोकांना मदतीला घेऊन. ओट्यांचं महत्त्व याने कमी होत नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने ग्रहण बघायला हेच बंदर निवडलं होतं.

दुपारी कोल्हापूरहून गाडी. नवा शाफ्ट, बदलीचा माणूस आणि शिधा. बोटीवर टिकणारं काय, याची कोल्हापूरची यादी चांगली आहे. भडंग हवाबंद डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतं आणि बोट डोलत असताना एका हाताने खाता येतं. कांदा-लसूण चटणीला थंडपेटी लागत नाही. खर्डा दोन दिवसांचा. गूळ-शेंगदाणे रात्रीच्या पहाऱ्याला. मटण मात्र आणू नये. बर्फ संपला की दुसऱ्या दिवशी वास येतो. इथे बांगडा ताजा मिळतो, तिरफळ घालून केलेलं त्याचं तिखलं बोटीच्या एका शेगडीवर पंधरा मिनिटांत होतं.

पंप बसवताना घाई करायची नाही. सीलचा ओठ पाण्याच्या बाजूला तोंड करून. नवा शाफ्ट आत सरकवताना सीलवर ग्लिसरीन. इम्पेलरलाही ग्लिसरीनच लावावं, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. झाकणाचा कागदी गॅसकेट पाव मिलिमीटरचा. जाड पुठ्ठा कापून घातला की पात्यांच्या कडेने पाणी मागे सरकतं आणि पंप ओढत नाही. कॉक उघडून इंजिन चालू, वीस सेकंदांत धुराड्यातून पाणी यायलाच हवं. आलं नाही तर बंद करून गाळणी बघायची, चिखलाच्या खाडीत ती पहिल्यांदा भरते. अर्धा तास १५०० फेऱ्यांवर चालवून भोकाखाली कोरडा कागद ठेवावा. कागद कोरडा राहिला, तर उद्या निघायचं. जुना शाफ्ट फेकायचा नाही, तेल लावून सुट्या भागांच्या डब्यात.

आठवा दिवस, एकादशी : विजयदुर्ग ते मालवण, ३१ सागरी मैल

आज भरती सव्वाआठला, म्हणजे सहाला निघताना पाणी आत येत असतं, आपल्याविरुद्ध. सव्वाआठपर्यंत थांबून उतरत्या पाण्याबरोबर निघालं तर? मग मतलईचे दोन तास जातात. अजून उधाण आलेलं नाही, ओढा नॉटभराचा. त्याच्याशी इंजिनाने वीस मिनिटं झुंजावं आणि मतलई घ्यावी. वारा आणि पाणी यांत निवड करायची वेळ आली तर लांबच्या पल्ल्याला वारा धरावा, अरुंद मुखाला पाणी.

तीन दिवसांत नांगर खोल गेलेला असतो. साखळी उभी होईपर्यंत बोट पुढे घ्यायची, साखळी घट्ट बांधायची आणि पाच मिनिटं थांबायचं. चढतं पाणी आणि बोटीचं डोलणं मिळून तो सुटतो. कपीवर जोर लावून कंबर मोडून घेऊ नये. चिखल बादलीने धुवूनच साखळी पेटीत, नाहीतर चार दिवसांनी सगळ्या केबिनला दुर्गंधी. बंदर कार्यालयाला निघाल्याचं आदल्या संध्याकाळीच कळवलेलं असावं.

बाहेर पडताना अंधारच असतो, शुद्ध एकादशीचा चंद्र तीनच्या सुमाराला मावळलेला. म्हणून पाचव्या दिवशी येताना जीपीएस यंत्रावर जी वाट नोंदली गेली, त्याच वाटेने उलटं जायचं. मच्छीमार बोटी याच वेळी निघतात. त्यांच्या मागे जाण्याचा मोह टाळावा, त्यांना अर्धा मीटर पाणी पुरतं.

अकरा मैलांवर देवगड. इंजिनाने पुन्हा पाणी दाखवलं तर तिथे आत शिरायचं, नाहीतर पुढे. मालवणला साडेबाराला पोचता येतं, पण तेव्हा पाणी उतरत असतं. मालवणची खाडी खडकांनी भरलेली आहे. उतरत्या पाण्यात तळ टेकला तर पुढच्या भरतीपर्यंत बोट आडवी. बाहेर शीड आवरून अडीचपर्यंत थांबावं. अडीचला पाणी वळतं, खडकांचे माथे अजून उघडे असतात, आणि पूर्वेला तोंड करून आत जाताना ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे पाण्याखालचा तपकिरी कातळ आणि हिरवं खोल पाणी वेगळं ओळखू येतं. एक माणूस नाळेवर उभा, वेग दोन नॉट, आणि शक्य असेल तर इथला एखादा तांडेल बोटीवर घेतलेला. समोर सिंधुदुर्ग, आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर. १८१२ च्या तहात इंग्रजांकडे जाईपर्यंत हे करवीरकरांचं बंदर होतं.